दीक्षा, स्वयम फुकटच आहे, 499 रुपये कोणाला भरू नका

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून मेसेज फिरतोय की दीक्षा (शाळेच्या अभ्यासाचं सरकारी ॲप) आणि स्वयम (सरकारी ऑनलाइन कोर्सची साइट) आता पेड झालं, 499 भरून लिंक चालू करून घ्या. अरे भो, असं काही नाहीये! दीक्षा 2017 पासून आहे, ॲप फुकट, व्हिडिओ फुकट. काल भाचीचं बालभारतीचं पुस्तक घेतलं, धड्याजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला, लगेच व्हिडिओ सुरू, एक रुपया मागितला नाही, आणि वायफायवर डाउनलोड करून ठेवला की नंतर नेट नसलं तरी चालतो, म्हणजे चोपड्याकडं सातपुड्यातल्या पाड्यांवर शिकवणाऱ्या सरांना तर हे फारच कामाचं.

गोंधळ बहुतेक स्वयममुळे झालाय. तिथं लेक्चर, नोट्स, असाइनमेंट सगळं फुकट, पण सर्टिफिकेट पाहिजे असेल तर सेंटरवर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि फी फक्त तिची, तीपण त्यांच्याच फॉर्ममधून भरायची, कोणाच्या फॉरवर्ड लिंकवर नाही. एनपीटेलचंही (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) तसंच.

ज्यांनी त्या लिंकवर पैसे भरले असतील त्यांनी आत्ताच 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा आणि बँकेला कळवा, सकाळची वाट बघू नका.