निजामाचं पाच टन सोनं: दान नव्हे, सुवर्णरोखे

‘१९६५च्या युद्धात तिजोरी रिकामी झाली, शास्त्रीजींनी हाक दिली आणि निजामाने राष्ट्रीय संरक्षण निधीला ५,००० किलो सोनं दान केलं.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या मराठवाड्यातही तो सहज खरा मानला जातो.

आधी ‘दान’ पाहू. संरक्षण निधी १९६२मध्ये देणग्यांसाठी उभा राहिला. त्यात दिलेलं परत येत नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी मात्र सोनं गुंतवलं ते राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत. तिथला व्यवहारच वेगळा: सोनं सरकारकडे सोपवायचं, दरवर्षी व्याज घ्यायचं आणि १५ वर्षांनी मुद्दल सोन्याच्याच रूपात परत न्यायचं. परतफेडीचं साल, १९८०, रोख्यांच्या नावातच होतं. माहितीच्या अधिकारात विचारणा झाली, तेव्हा निधीला अशी देणगी मिळाल्याची माहिती नाही, असंच पंतप्रधान कार्यालयाने कळवलं.

वजनही फुगवलेलं आहे. डिसेंबर १९६५च्या बातमीत आकडा आहे ४.२५ लाख ग्रॅम, म्हणजे ४२५ किलो. या रोख्यांत साऱ्या देशातून मिळून सुमारे १३.७ टन सोनं जमलं. त्यातलं पाच टन एकट्या माणसाचं कसं असेल?

आणि ‘युद्धात’? शस्त्रसंधी झाली २३ सप्टेंबरला, रोखे निघाले त्यानंतर, ऑक्टोबरअखेरीस. चणचण होती परकीय चलनाची. अमेरिकेने मदत रोखली होती. रुपये छापता येतात, डॉलर कुठून छापणार? म्हणून सरकारला लोकांच्या घरातलं सोनं हवं होतं.

यावर दुसरी बाजू म्हणते, ‘म्हणजे निजामाने काहीच केलं नाही, नफा कमावला.’ हेही मला पटत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाने ४२५ किलो सोनं १५ वर्षांसाठी सरकारच्या हवाली करणं ही साधी गोष्ट नाही. रोख्यांची मुदत पाहायला ते उरलेही नाहीत. फेब्रुवारी १९६७मध्ये वारले. त्याचं श्रेय त्यांना जरूर द्या, पण दान म्हणू नका. त्या वर्षांत कितीतरी बायकांनी हातातल्या बांगड्या उतरवून निधीत टाकल्या. त्यांना ना व्याज मिळालं, ना १९८० साली कुणी सोनं परत केलं.