घामातून चरबी जात नाही, काकी

मे महिन्यात रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर पहाटे फिरायला गेलं की पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणारे हमखास भेटतात. गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकी अशाच गुंडाळून आल्या होत्या आणि सुरूच्या बनाजवळ चक्कर येऊन खाली बसल्या. म्हणून हे लिहितोय. त्यांच्या मोबाइलवर आलेला मेसेज असा: पहिली वीस मिनिटं फक्त साखर जळते, घाम म्हणजे वितळलेली चरबी, पोट बांधून चाललात तर पोटाचीच चरबी उतरते, आणि वर कोकमाचं आगळ प्यायलं की उरलेलीही जाते.

आधी घामाचं. चरबी लोण्यासारखी वितळून त्वचेतून झिरपत नाही. चरबीचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. आपण चालायला लागलो की अॅड्रेनलिन वाढतं, इन्सुलिन उतरतं, आणि चरबीच्या पेशीतली लायपेज एन्झाइम्स हे जोड तोडतात. सुटी झालेली मेदाम्लं रक्तात विरघळत नाहीत. अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना होडीतून न्यावं तसं स्नायूंपर्यंत पोचवतं. तिथे मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्यांत, त्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने ते जळतात. उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली याचा हिशेब मांडला: १० किलो चरबीतली ८.४ किलो श्वासावाटे जाते, १.६ किलोचं पाणी होतं. त्या पाण्यातलं थोडं घामात येतही असेल, पण तासाभरात आपण जो अर्धा-एक लिटर घाम गाळतो, तो प्यायलेल्या पाण्याचा. तासभर भरभर चालून साधारण ३०० कॅलरी खर्च झाल्या आणि त्यातल्या निम्म्या चरबीतून आल्या असं धरलं, तरी चरबी जाते जेमतेम १७ ग्रॅम. काट्यावर एवढी घट दिसतसुद्धा नाही. दिसते ती पाण्याची, आणि दोन तांबे पाणी पोटात गेलं की ती भरून निघते.

आपल्याकडे घाम जास्त येतो तो दमट हवेमुळे. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात वरून प्लास्टिक! काकींना चक्कर आली यात नवल कसलं? उष्माघाताने माणूस दगावतो, एवढं तरी तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

वीस मिनिटांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. चालणं लांबत गेलं की चरबीचा वाटा वाढत जातो, हे खरं. पण तिची सुरुवात विसाव्या मिनिटाला होत नाही. सकाळी उपाशीपोटी अंथरुणात पडलेले असतानाही आपले स्नायू मुख्यतः चरबीवरच चालतात. शिवाय स्नायूंच्या आतही चरबीचे बारीक थेंब मायटोकाँड्रियाला लगटून साठवलेले असतात. ज्यांना दहाच मिनिटं मिळतात, त्यांनी 'आपल्याला काही उपयोग नाही' म्हणून घरी बसू नये.

पोट बांधल्याने पोट उतरत नाही, कारण मेदाम्लं रक्तातून येतात. मांडीचा स्नायू ती कुठल्या कोपऱ्यातून आली हे बघत नाही. १९७१ च्या एका अभ्यासात टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालची चरबी दोन्हीकडे सारखीच भरली.

राहता राहिलं आगळ. कोकमाच्या कुळातल्या, केरळात कुडमपुळी म्हणतात त्या फळाच्या अर्काची १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचं वजन न घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं नाही. फिरून आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत जरूर प्या, घामातून गेलेलं पाणी आणि मीठ त्याने भरून येतं. काकींनाही त्या दिवशी आधी प्लास्टिक सोडवून सावलीत बसवलं आणि मग तेच दिलं.