मोचिउजीला बंडखोर ठरवण्याआधी

आज जेवताना जपानच्या इतिहासावरचा एक व्हिडिओ पाहिला आणि घास घशाखाली उतरेना. पंधराव्या शतकात कामाकुराहून पूर्व जपानचा कारभार पाहणाऱ्या आशिकागा मोचिउजीला निवेदकाने एका वाक्यात निकालात काढले: महत्त्वाकांक्षेने आंधळा झालेला बंडखोर, क्योतोच्या शोगुनाशी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाशी, भिडला आणि १४३९ मध्ये संपला. पुढचे वाक्य थेट तलवारींच्या धारेविषयी होते.

क्योतोच्या गादीवर तेव्हा बसला कोण होता, एवढे तरी सांगायचे. योशिमोची हा माजी शोगुन १४२८ मध्ये वारस न नेमताच वारला. मग मठांत गेलेल्या त्याच्या चार भावांच्या नावांच्या चिठ्ठ्या इवाशिमिझु हाचिमानच्या देवळात टाकून कौल घेतला गेला आणि तेन्दाई पंथाचे प्रमुखपद भूषवलेल्या एका भिक्षूचे नाव निघाले. तोच डोक्यावर केस वाढवून सहावा शोगुन योशिनोरी झाला. इकडे मोचिउजी हा पहिल्या शोगुनाच्या, म्हणजे ताकाउजीच्या मुलाचा वंशज, १४०९ पासून कामाकुराच्या गादीवर होता आणि कांतोच्या आठ प्रांतांसह इझु, काइ, मुत्सु व देवा या प्रांतांवर त्याचा अधिकार चालत होता. अशा माणसाने चिठ्ठीतून निघालेल्या शोगुनापुढे मुकाट्याने मान तुकवावी, ही अपेक्षाच मला पटत नाही. १४२९ मध्ये क्योतोने नवे संवत्सरनाम, म्हणजे वर्षे मोजण्यासाठीचे कालखंडाचे नाव, जाहीर केल्यावरही हा आपल्या कागदांवर सुमारे दोन वर्षे जुनेच शोचो लिहीत राहिला. मला तर हा बाणेदारपणा वाटतो.

तो तापट होता, हे मान्य. शत्रूच्या नाशासाठी त्याने १४३४ मध्ये त्सुरुगाओका हाचिमानच्या देवळात अर्पण केलेल्या प्रार्थनापत्राच्या शाईत स्वतःचे रक्त मिसळले होते म्हणतात. असो.

आई योकोहामाला माझ्याकडे आली होती, तेव्हा मी तिला कामाकुरातील होकोकुजी दाखवायला नेले होते. बांबूच्या बनासाठी हे मंदिर प्रसिद्ध आहे. लोक लाल कापड अंथरलेल्या बाकावर बसून हिरवा चहा पितात, फोटो काढतात आणि निघून जातात. बनाच्या पलीकडे डोंगरात कोरलेल्या गुहा आहेत आणि त्यांत शेवाळलेले छोटे दगडी स्तूप आहेत. मोचिउजीचा मुलगा योशिहिसा याची समाधी तिथेच असल्याचे सांगतात. बाप संपल्यावर त्या पोरालाही याच मंदिरात प्राण द्यावे लागले. हे सांगितले तेव्हा आईने चहाचा वाडगा तसाच खाली ठेवला आणि विचारले, “अगं, पण त्या पोराचं काय चुकलं?”

त्याचे नाव चुकले. नाव ठेवताना शोगुनाच्या नावातील एक अक्षर मागून घेण्याची या घराण्याची रीत होती, खुद्द मोचिउजीच्या नावातील ‘मोचि’ योशिमोचीकडून आलेले. परंतु १४३८ मध्ये मुलगा वयात आल्याचा विधी झाला तेव्हा मोचिउजीने क्योतोला विचारलेच नाही आणि शोगुनांच्या घराण्याचे ‘योशि’ हे अक्षर परस्पर मुलाला देऊन टाकले. कामाकुराचा कारभारी उएसुगी नोरिझाने पायरी सोडू नका म्हणून विनवत राहिला, आणि अखेर आपल्याच जिवावर बेतणार अशी कुजबुज कानी आल्यावर कोझुके प्रांतात निघून गेला. मोचिउजीने त्याच्यावर फौज धाडली, योशिनोरीला हवे असलेले निमित्त मिळाले आणि सम्राटाचा हुकूमनामा घेऊन क्योतोची सेना पूर्वेकडे निघाली.

इथे माझा राग थोडा निवतो, कारण नोरिझानेचे काय करावे ते मला कळत नाही. हरलेल्या मोचिउजीने मुंडण करून भिक्षूची वस्त्रे घातली, आणि ज्याच्यावर त्याने फौज धाडली होती तोच नोरिझाने त्याच्या प्राणांसाठी क्योतोकडे पुन्हा पुन्हा रदबदली करत राहिला. योशिनोरी बधला नाही. उलट नोरिझानेलाच योआनजी मंदिरावर चालून जाण्याची आज्ञा झाली आणि तिथे मोचिउजीने पोट चिरून घेतले. त्यानंतर नोरिझानेने स्वतःही मरू पाहिले, पुढे संन्यास घेतला. आशिकागा विद्यालयाला दुर्मीळ चिनी ग्रंथ देऊन ज्याने ते पुन्हा उभे केले, तो हाच माणूस. व्हिडिओत त्याचे नावही नव्हते.

आणि योशिनोरी? त्याच्या दहशतीविषयी एका राजपुत्राने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की सगळे भयभीत आहेत, तोंड उघडू नये. आईचा प्रश्न त्याला कोणी विचारला असता, तर विचारणाऱ्याचे डोके धडावर राहिले नसते. मोचिउजीची आणखी दोन लहान मुले शोगुनाच्या सैन्याने जिंकलेल्या युकीच्या किल्ल्यात सापडली, त्यांना क्योतोकडे नेताना १४४१ मध्ये मिनो प्रांतातील तारुई येथे मारण्यात आले. त्यांचे तर नावही चुकले नव्हते! त्या विजयाच्या मेजवानीसाठी म्हणून योशिनोरी काही आठवड्यांतच आकामात्सु मित्सुसुके या सरदाराच्या घरी गेला आणि तिथे त्याचेच मुंडके उडाले. वाईट वाटून घ्यायला मी काही बांधील नाही.

‘संपला’ म्हणणाऱ्या त्या निवेदकाने मोचिउजीच्या वाचलेल्या मुलाविषयी, शिगेउजीविषयी, पुढचा भाग करावा. कामाकुराची गादी त्याला मिळाली, १४५४ अखेर त्याने नोरिझानेच्या मुलाला मारले, नंतर कोगा येथे ठाण मांडले आणि पूर्व जपान सुमारे तीस वर्षे धुमसत ठेवला. क्योतोने संवत्सरनामे बदलली तरी तोही वीसहून अधिक वर्षे आपल्या कागदांवर जुनेच क्योतोकु लिहीत राहिला.