मीठबंदरचा न्याय आणि सोन्याची मिरी

दर शनिवारी आमचा डी अँड डी चा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र खेळवायचा गोष्टीचा खेळ) डाव असतो, पक्याच्या गच्चीवर, आणि डाव संपला की खाली टपरीसमोरच्या कट्ट्यावर त्याची चिरफाड. गेल्या शनिवारी डाव दहाला संपला आणि कट्टा साडेबाराला, कारण डावात आमच्यातल्या सोन्याच्या पात्राची 40 पोती मिरी जप्त झाली.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मीठबंदर हे मास्तरने (डाव तोच चालवतो) रचलेलं गाव. खाडीच्या तोंडावर धक्का, मागे घाट, घाटापलीकडे बुटक्यांच्या (खेळातली एक जमात) लोखंडाच्या खाणी. राजाबिजा कोणी नाही, चावडीवर 7 व्यापारी बसतात ते सांगतील तो न्याय. आता झालं असं की सोन्याच्या गावचा कोणीतरी एक जण बुटक्याकडून उधारीवर लोखंड उचलून रातोरात शिडं चढवून पसार झाला. बुटक्याने फिर्याद केली आणि चावडीने काय करावं, तर त्या गावच्या जेवढ्या व्यापाऱ्यांचा माल बंदरात होता तेवढा सगळा अडकवून ठेवला. सोन्याने त्या पळपुट्याचं तोंडही बघितलेलं नाही!

"हा कुठला न्याय रे? त्याने बुडवले तर मी का भरू?" सोन्या पहिल्या चहापासून सुरू.

मास्तर म्हणला मनाचं नाहीये ते. फ्रान्समधे शँपेन म्हणून जो भाग आहे तिथे बाराव्या तेराव्या शतकात 4 गावांत मिळून वर्षाला 6 जत्रा भरायच्या, त्र्वा आणि प्रोव्हँ ही त्यातली मोठी, इटलीवाले मसाला रेशीम घेऊन यायचे आणि फ्लँडर्सचं (आताच्या बेल्जियमकडचं) कापड घेऊन जायचे. तिथे जत्रेचे राखणदार असायचे. कोणी पैसे बुडवून पळाला की राखणदारांचं पत्र थेट त्याच्या गावच्या कोर्टाला, वसूल करून द्या, नाहीतर तुमच्या गावच्या एकाही माणसाला जत्रेत पाय ठेवू देणार नाही.

आमच्यात एक वकील आहे (खराखुरा, सनद असलेला), तो इतका वेळ क्रीमरोल खात गप्प होता. म्हणला, "मास्तर, ती बंदी झाली. तू जप्ती केलीयेस. दोन्हीची मिसळ करू नको." मग म्हणे जप्तीसुद्धा युरोपात चालायचीच, पण इंग्लंडात 1275 सालीच कायदा झाला की जो स्वतः कर्जदार नाही आणि जामीनही नाही त्याचा माल दुसऱ्याच्या देण्यापायी ओढायचा नाही. सोन्या लगेच उभा, बघ बघ! तर मास्तर शांतपणे, "तो कायदा राज्यातल्या माणसांना होता. परदेशी व्यापाऱ्यांना नाही. आणि तू मीठबंदरला परदेशी आहेस."

सोन्या परत बसला.

खरं सांगू का, मला मास्तरचं म्हणणं तितकं वाईट वाटलं नाही. अनोळखी माणसाला उधारी द्यायची कशाच्या जोरावर? टपरीवाल्या काकांचंच बघा, त्यांच्या वहीत आमचं नाव कुणाचंच नाही, नुसतं 'भिंतीवाली पोरं' असं एक पान आहे. आमच्यातला एक बेंगलोरला गेला तेव्हा त्या पानावर 340 रुपये होते, ते काकांनी काही त्याला फोन करून मागितले नाहीत, आमच्याकडून घेतले. आणि त्यातले 100 या सोन्याने न कुरकुरता दिले होते. हे मी बोललो तर म्हणे "ते वेगळं, तो मित्र होता." अरे पण काकांना कुठे माहिती कोण कुणाचा किती मित्र!

मग गाडी निकालाला किती वेळ लागतो यावर आली. वकील म्हणला मिरी जाऊ दे, मीठबंदरला 2 दिवसांत निकाल लागतो यातच तू नशीबवान आहेस, माझ्याकडे एका गाळ्याची केस आहे ती मी अकरावीत असल्यापासून चालूये. जुन्या इंग्लंडात जत्रेत 'धूळपायां'चं कोर्ट असायचं म्हणे, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच धुळीने माखलेले पाय. वाटसरू व्यापारी, पायाची धूळ झटकायच्या आत निकाल, कारण परवा वादी एका दिशेला आणि प्रतिवादी दुसऱ्या. पुढे ही कोर्टं जत्रेशी काही संबंध नसलेले दावेही घ्यायला लागली, म्हणून 1477 ला कायदा करावा लागला की करार याच जत्रेत झाला असं वादीने शपथेवर सांगायचं. आणि ब्रिस्टलचं असलं कोर्ट कागदोपत्री 1971 पर्यंत होतं! नावापुरतंच, पण होतं.

बापूने (इतिहासात एमए, सध्या इन्शुरन्स विकतो) इथे तोंड घातलं. आपल्याकडे पूर्वी पेठेत शेटे महाजन (बाजाराचे प्रमुख) होतेच की, वाद गोतसभेपुढे (गावच्या पंचांची सभा) जायचा, आधी दोन्ही बाजूंनी राजीनामा लिहून द्यायचा. राजीनामा म्हणजे नोकरी सोडायचा नाही हां, सभा जो निर्णय देईल त्याला आम्ही राजी आहोत याचा. आणि हरला तो गुन्हेगारी म्हणजे दंड भरणार, जिंकला तो हरकी म्हणजे जिंकल्याची फी भरणार.

"जिंकलेला पण भरणार??" सोन्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मास्तरने तिथल्या तिथे मोबाईलवर नोट केलं, तेव्हाच मला कळलं बापूने सोन्याचं वाटोळं केलंय.

शिवाय तकाजा होताच, बापू म्हणला. सावकार ऋणकोच्या दारात येऊन बसायचा, त्याला जेवू द्यायचा नाही, पण नियम असा की स्वतःपण उपाशी राहायचं. सोन्या म्हणला बुटक्याला माझ्या दारात बसवा, मी 3 दिवस काढीन, बुटका नाही काढणार. यावर बराच वेळ वाया गेला, बुटक्याचं कॉन्स्टिट्यूशन (खेळातला काटकपणाचा आकडा) किती वगैरे, ते सोडा.

माझा मुद्दा वेगळा होता आणि तो मी एकदाचा मांडला. जप्ती चालेल, घाईचा निकाल पण चालेल, पण चावडीवरचे सातच्या सात जण मीठबंदरचे, त्यातल्या दोघांचा लोखंडाचा धंदा, मग सोन्याच्या बाजूने तिथे आहे कोण? वकिलाने मान हलवली, इंग्लंडच्या 1353 च्या कायद्यात ते आहे म्हणला, वादात एक बाजू परदेशी असेल तर ज्यूरीतले निम्मे परदेशीच घ्यायचे. म्हणजे सहाशे सातशे वर्षांपूर्वी त्यांना कळलं होतं की परका व्यापारी टिकवायचा तर निम्मी खुर्ची त्याला द्यावी लागते, आणि आमच्या मास्तरला गाव रचताना सुचलं नाही.

मास्तर जरा वेळ गप्प. मग म्हणला मान्य, पुढच्या शनिवारी निम्मे पंच सोन्याच्या गावचे. फक्त बंदरात त्याच्या गावचे तिघंच उरलेत, आणि त्यातला एक पळालेल्याचा सख्खा मेव्हणा आहे.

"नाहीतर दिव्य कर, खरंखोटं ठरवायची जुनी परीक्षा," बापू म्हणला. "रवादिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हात पिशवीत घालून वर मोहोर करायची, काही दिवसांनी उघडून बघायचं. हात धड असला तर मिरी तुझी."

"आणि हरकी?"

"ती भरायचीच."

काका शटर ओढायला लागले होते. सोन्या अर्धवट उठलेला, खिशातून तो वीस बाजूंचा डाइस काढून मास्तरला विचारतोय की तेलाला किती लागेल, 15 का 18, आणि ग्लोव्ह्ज चालतील का.