तो ‘नऊ गुपितं’वाला मेसेज पुढं पाठवू नका

वसुबारस यायची आहे, पण ‘दिवाळीत फटाक्यांचे फोटो काढण्याची ९ गुपितं’ हा मेसेज नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या अशा तीन ग्रुपांवर फिरून झाला. तोवर दुर्लक्ष केलं. काल आठवीतल्या भाच्यानं तोच मेसेज पाठवून खाली विचारलं, ‘मामा, भांड्याची साधी घासणी चालेल ना?’ आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी नऊ गुपितं थोडक्यात: रात्र असते म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहून वर ठेवा, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा, फ्लॅश चालू हवा, मोबाइलवर नाइट मोड लावा, फोकसची रिंग इन्फिनिटीकडं (खूप लांबच्या अंतराच्या खुणेकडं) शेवटपर्यंत फिरवा, स्टॅबिलायझेशन (कॅमेरा हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) आणि नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारी) दोन्ही चालू ठेवा, फटाक्यांऐवजी स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तंतूंचा गोळा) पेटवून फिरवा, ‘त्यात दारू नसते, म्हणून ते फुलबाजीपेक्षाही निरुपद्रवी, मुलंही पार्किंगमध्ये करू शकतात’, धुरामुळे फोटोला उठाव येतो, म्हणून शेवटची वेळ साधा, आणि हे दहा जणांना पाठवा.

क्रम मोडून सातव्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या गुपितांनी फार तर फोटो बिघडेल.

‘स्टील वूल फुलबाजीपेक्षा निरुपद्रवी’

आधी फुलबाजी किती ‘निरुपद्रवी’ असते ते बघू. अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग दरवर्षी सांगतो की फुलबाजी सुमारे २,००० अंश फॅरनहाइटला जळते. म्हणजे जवळजवळ १,१०० अंश सेल्सिअस. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. मेसेजवाल्यानं तुलनेसाठी घेतलेली वस्तूच ही अशी आहे, आणि लहान मुलांच्या हाती ती देऊ नका असं तोच आयोग बजावतो.

आता स्टील वूल. लोखंडाचा खिळा पेटत नाही, पण त्याच लोखंडाचे केसाहून बारीक तंतू केले की हवा लागायला पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि ते जळतं. साखळीला बांधून गरागरा फिरवलं की वारा मिळतो, तंतू तुटतात आणि जळत्या लोखंडाचे थेंब चारी बाजूंना उडतात. फोटोत दिसणारी सोनेरी छत्री म्हणजे हे थेंब. त्यात दारू नसते हे खरं, तेवढं मान्य. पण फुलबाजीच्या ठिणग्या हातभर अंतरात संपतात, आणि हे थेंब दहा-दहा मीटर जातात, फरशीवर आपटून उसळतात आणि पुन्हा पुढं जातात. वर्तुळ सुटलं, वूल निसटलं, साखळीची कडी उघडली, तर पेटता गोळाच कुणाच्या तरी दिशेनं जातो.

‘ठिणगी खाली पडेपर्यंत विझते’ असंही मेसेजात आहे. विझत नाही, दिसेनाशी होते. साधारण ५०० अंशांच्या खाली गेलं की तापलेलं लोखंड डोळ्याला लाल दिसत नाही, एवढंच. पाचोळा, सुती कापड, स्कूटरचं प्लॅस्टिकचं कव्हर यांना तेवढी उष्णता भरपूर झाली. आणि जागा कुठली सुचवली आहे, तर पार्किंग! जिथं गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल, कोपऱ्यात खोकी आणि डोक्यावर वायरी. दुसरी सुचवलेली जागा ‘जवळचा किल्ला’. दिवाळीत सह्याद्रीवरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, वर पाणी नसतं आणि खाली जायला एक पायवाट. वणवा लावायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात इन्व्हर्नेस गावाजवळ किनाऱ्याला लागलेल्या ‘पॉइंट रेयेस’ या जुन्या लाकडी बोटीचा मागचा भाग जळाला. संशय होता स्टील वूल फिरवणाऱ्या फोटोवाल्यांवर. ती बोट तर पाण्याच्या कडेला होती.

आता भाच्याच्या घासणीकडं येतो, कारण खरा घोळ तिथंच आहे. किराणा दुकानात मिळते ती कुरळ्या पट्ट्यांची घासणी बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते. पट्टी जाड, त्यात क्रोमियम, त्यामुळे ती पेटत नाही. मेसेजात हे कुठंच नाही. मग काय होतं? माचीसच्या पंधरा काड्या ओढून झाल्यावर कुणीतरी म्हणतं, थोडं रॉकेल टाकू. रॉकेल नसतं, म्हणून पेट्रोल. पेट्रोलमध्ये बुडवलेली घासणी साखळीला बांधून फिरवली की ठिणग्या नाहीत, पेटत्या पेट्रोलचे शिंतोडे उडतात, फिरवणाऱ्याच्या अंगावर आधी. भाच्याला उत्तर एका शब्दाचं होतं: नाही.

स्टील वूलचे फोटो कुणी काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. जाणती मंडळी काढतात, पण ओल्या वाळूवर, वारा नसताना, सगळ्या बाजूंनी वीसेक मीटर मोकळं ठेवून. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं पोतं. फिरवणारा प्रौढ, अंगात जाड सुती कपडे, टोपी, बंद बूट, डोळ्यांवर चष्मा. कॅमेराही लांब आणि पुढं साधा फिल्टर, कारण तापलेला लोखंडी कण लेन्सच्या काचेत रुतून बसतो आणि पुसून जात नाही. एवढं जमत नसेल तर तो प्रकार सोडून द्यावा.

‘रात्र आहे, म्हणून आयएसओ वाढवा आणि ॲपर्चर उघडा’

पहिली दोन गुपितं एकाच गैरसमजाची आहेत. रात्र अंधारी असते, फटाका नसतो. आपण अंधाराचा फोटो काढत नाही, थेट दिव्याचा काढतो.

बाण फुटल्यावर त्यातला प्रत्येक तारा सेन्सरवरून (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरून) सरकत जातो. एका जागेवर तो क्षणभरच असतो, मग शटर २ सेकंद उघडं असो की ८. त्यामुळे रेघ किती उजळ येणार हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. रेघा किती लांब, किती फुलं एका फ्रेममध्ये आणि मागच्या इमारती किती उजळ, हे शटर ठरवतं. एवढं कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

आता हिशेब करा. आकाशात फुटणाऱ्या बाणासाठी आयएसओ १०० आणि एफ/८ ते एफ/११ (एफचा आकडा जितका मोठा तितकं ॲपर्चरचं छिद्र बारीक) ही चाललेली, घासून तपासलेली सुरुवात आहे. मेसेजवाला सांगतो आयएसओ ३२०० आणि समजा एफ/१.८. आयएसओमुळे ३२ पट आणि एफ/११ च्या तुलनेत ॲपर्चरमुळे ३७ पट, म्हणजे एकूण जवळजवळ १,२०० पट जास्त एक्सपोजर, म्हणजे तेवढा जास्त उजळ फोटो. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सगळे पांढरेफटक होतात. आणि एकदा पांढरं झालं की एडिटिंगमध्ये रंग परत येत नाही. ‘माझ्या कॅमेऱ्यात रंगच येत नाहीत’ ही तक्रार करणाऱ्यांनी कॅमेरा बदलण्याआधी आयएसओ बघावा.

काढायची रीत अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली मूळ फाइल), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ‘डेलाइट’वर पक्का. ऑटो ठेवला तर प्रत्येक फ्रेममध्ये आकाशाचा रंग वेगळा निघतो. शटर ‘बल्ब’वर (बटण दाबून धराल तोवर उघडं) आणि हातात रिमोट. बाण सुंईकन निघाला की उघडा, शेवटची ठिणगी विझली की बंद करा. साधारण ३ ते ६ सेकंद होतात. एकाच फ्रेममध्ये दोन-तीन फुलं हवी असतील तर शटर उघडंच ठेवून मधल्या वेळात लेन्सपुढं काळा पुठ्ठा धरा, लेन्सला न टेकवता. पहिल्या फोटोत फुलाचा मधला भाग पांढरा दिसला तर एफ/११ वरून एफ/१६ करा. एफ/२२ च्या वाटेला जाऊ नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि रेघा मऊ पडतात.

झाडाला, म्हणजे भुईनळ्याला, हा नियम तसाच लागू होत नाही, आणि इथं अनुभवी लोकही फसतात. झाडातून ठिणग्या सतत त्याच वाटेनं वर जात असतात, एकीवर दुसरी रेघ बसते. ४ सेकंद उघडं ठेवलं तर पांढरा खांब मिळेल. इथं एफ/११ आणि पाव ते १ सेकंद पुरे. भुईचक्रालाही साधारण तेवढंच. उभ्यानं, थोडं तिरकं बघत काढा, त्याच्यावर ओणवं होऊन नको. फुलबाजीनं हवेत नाव लिहायचं असेल तर एफ/८, ५ सेकंद, लिहिणाऱ्याच्या अंगावर गडद कपडे. अक्षरं फोटोत उलटी येतात, नंतर फिरवून घ्या. आणि फुलबाज्यांची जुडी एकत्र पेटवू नका. ती सगळी एकदम भडकते आणि हात पोळतो.

फ्लॅश, नाइट मोड, रिंग

फ्लॅशचा उजेड काही मीटर जातो. बाण पन्नास मीटरवर फुटतो. उजळतं ते मधलं धूर आणि पुढं उभ्या काकांचं टक्कल. पण एक अपवाद नाइलाजानं मान्य करतो: फुलबाजी धरलेल्या माणसाचा चेहरा हवा असेल तर फ्लॅश उपयोगी आहे, तोही कमी ताकदीवर आणि ‘रिअर कर्टन’ला, म्हणजे शटर मिटताना उडणारा. आधी रेघा उमटतात, शेवटी चेहरा थिजतो. मेसेजात हे असतं तर हात जोडले असते.

नाइट मोड पटापट अनेक फ्रेम घेतो आणि जुळवून एक करतो. घर, देऊळ, झोपलेलं मांजर यांना छान. फटाका मात्र प्रत्येक फ्रेममध्ये पुढं गेलेला असतो, मग रेघा तुटक येतात किंवा सॉफ्टवेअर त्यांना हलणारी चूक समजून पुसतं. प्रो मोड उघडा, आयएसओ ५० किंवा १००, शटर १ ते २ सेकंद, फोकस मॅन्युअल. मोबाइलचं ॲपर्चर बहुधा एफ/१.८ च्या आसपास कायमचं असतं, बारीक करता येत नाही, म्हणून जवळचा फटाका तरीही पांढरा पडेल. उपाय दोन: लांब जा, नाहीतर लेन्सपुढं ३ स्टॉपचा क्लिपवाला एनडी फिल्टर (प्रकाश आठ पट कमी करणारी करडी काच) लावा. तो नसेल तर करड्या काचेचा गॉगल धरा, गंमत नाही, चालतो. आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून त्यावर ‘लाँग एक्सपोजर’ लावावं. ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर तांदळाची अर्धी भरलेली पिशवी ठेवून तीत फोन रुतवा, आणि वायरच्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं क्लिक करा. बोटानं स्क्रीन दाबली की हललंच.

रिंग शेवटपर्यंत फिरवायचं गुपित जुन्या मॅन्युअल लेन्सना लागू होतं, तिथं रिंग इन्फिनिटीवरच अडायची. हल्लीच्या ऑटोफोकस लेन्स मुद्दाम इन्फिनिटीच्या पुढंही फिरतात, तापमानानं लेन्स फुगली-आकसली तर वाव हवा म्हणून. शेवटपर्यंत नेली की रात्रभराचे सगळे फोटो धूसर. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) लांबचा रस्त्यावरचा दिवा दहापट मोठा करून फोकस लावा, मग ऑटोफोकस बंद करून रिंगला कागदी टेप चिकटवा.

सहावं गुपित दोन वाक्यांत. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा. नव्या काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात, पण त्यावर भरवसा ठेवायचं कारण नाही. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन तर नक्की बंद करा, कारण ५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ५ सेकंद शटर मिटून काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात पुढचे दोन बाण निघून जातात.

‘शेवटी धुरात मजा’

अगदी उलट. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ची वेळ ठरवून दिली. ती जिथं पाळली जाते तिथं सगळी सोसायटी त्या दोन तासांत तुटून पडते, आणि वारा नसला की धूर खालीच साठतो. नऊनंतर लांबचं काहीच कोरं येत नाही, फुटणारा बाण धुराला आतून उजळतो आणि फोटोत केशरी ढग उरतो. धुराचा उपयोग होतो तो एवढाच की हलका असेल तर फ्रेमच्या मागं रंग पसरतो. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं महत्त्वाची. उदबत्ती पेटवून वारा कुठून येतो ते बघा आणि वारा पाठीवर किंवा बाजूला घेऊन उभे राहा, म्हणजे धूर तुमच्याकडं येणार नाही. साडेसातपर्यंत ट्रायपॉड लावून, फोकसवर टेप चिकटवून आणि एक रिकामी फ्रेम काढून इमारतींचा उजेड बघून घ्या. समोरच्या बाल्कनीतला आकाशकंदील त्या फ्रेममध्ये पांढरा दिसत असेल, तर शटरचा वेळ तेव्हाच कमी करा किंवा तो फ्रेमच्या बाहेर ठेवा.