ओएफटीचं तुमचं बरोबर, प्रॉपर्टीजचं नाही

नमस्कार काका (प्रोफाइलवर ‘निवृत्त’ दिसलं म्हणून काका म्हणतोय, राग नसावा).

आउटलुकमध्ये ‘न्यू ईमेल’ दाबल्यावर आपलाच फॉर्म (मेल लिहायचा तयार साचा) कसा उघडायचा, या माझ्या लेखावर तुमचे मुद्दे दोन. मी शीर्षकात ‘डिफॉल्ट फॉर्म’ म्हटलं आणि आत आउटलुकचं ओएफटी टेम्पलेट, म्हणजे मेलचा नमुना वेगळ्या फाइलमध्ये, सेव्ह करायला शिकवलं, जे ‘न्यू ईमेल’ दाबल्यावर उघडतच नाही. आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉर्म निवडायची सोय असताना शेवटी लोकांना रजिस्ट्रीत (विंडोज आपली आतली सेटिंग्ज ठेवतं तिथे) पाठवणं हा आगाऊपणा.

पहिला मुद्दा मान्य, शीर्षक बदललंय. टेम्पलेट दर वेळी ‘चूज फॉर्म’मध्ये जाऊन शोधावं लागतं, माणूस चार दिवस करतो आणि पाचव्या दिवशी परत कोरा मेल उघडून बसतो.

दुसरा नाही पटला. प्रॉपर्टीजमधलं ते ‘व्हेन पोस्टिंग टू धिस फोल्डर’ काँटॅक्ट्सला छान चालतं, मी स्वतः वापरतो, पण इनबॉक्सला लावून बघा, नवीन मेल जुन्याच फॉर्मवर उघडेल. कारण नवीन मेल म्हटलं की आउटलुक सरळ आयपीएम.नोट हा मेसेज क्लास (कुठला फॉर्म उघडायचा ते ठरवणारं आतलं नाव) उचलतं. आपला फॉर्म पब्लिश केला, म्हणजे आउटलुकच्या फॉर्मच्या यादीत नोंदवला, की त्याचा क्लास होतो आयपीएम.नोट.कोटेशन वगैरे, आणि ‘पहिल्याच्या जागी हा उघड’ हे सांगायची जागा रजिस्ट्रीतच आहे, कस्टम फॉर्म्सखाली कंपोज आणि रीड. मायक्रोसॉफ्टने एके काळी यासाठी फॉर्म्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाचं टूल दिलं होतं, तेही आतून रजिस्ट्रीच बदलायचं. आधी रजिस्ट्री एक्सपोर्ट करून तिची प्रत ठेवा हे मी लिहायला हवं होतं, ते राहिलं.

हा खटाटोप कशाला, तर भोसरीत मित्राचं वर्कशॉप आहे, तिथं चौघं कोटेशन पाठवतात आणि ड्रॉइंग नंबर नाहीतर डिलिव्हरीची तारीख कुणीतरी विसरणारच, मग चाकणहून कस्टमरचा फोन. मी हौसेने फॉर्मवर वेगळे रकाने काढले, त्यात पब्लिश करताना फॉर्मची डेफिनिशन मेलबरोबर पाठवायची टिक तशीच राहिली. झालं, ज्यांच्याकडे आउटलुक नाही त्यांना पीडीएफऐवजी विनमेल.डॅट नावाची फाइल, आणि आउटलुक असलेल्यांनाही रकाने दिसेनात, कारण तो फॉर्म त्यांच्याकडे पब्लिश केलेलाच नव्हता! मित्राने दोन दिवस जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मग टिक काढली, रकाने उडवले, सगळा सांगाडा मेलच्या बॉडीतच टाईप करून ठेवला. तेव्हापासून शांत आहे. फॉर्ममध्ये स्क्रिप्ट घालायच्या फंदात तर पडूच नका, 2017च्या सप्टेंबरमधल्या सिक्युरिटी अपडेटपासून ती मुळातच बंद असते.

एक मात्र तुमच्या बाजूने सांगतो. तिथल्या एकाचा पीसी बदलला, मेलबॉक्सबरोबर फॉर्म आला पण रजिस्ट्रीतली नोंद जुन्या मशीनवरच राहिली, आणि मला फोन, “तुझा फॉर्म उडाला.” म्हणजे चार मशीन असतील तर चार वेळा करायची तयारी हवी. नुसतं खाली नाव-पत्ता हवा असेल तर सिग्नेचर लावा की, यातलं काहीच नको.

आणि तुमच्याकडे क्लासिक आउटलुक आहे की नवीन, तेवढं कळवा. नव्यात कस्टम फॉर्म चालतच नाहीत, मग आपण उगाच भांडतोय.