चिकाटीचा खर्च कुणाच्या खात्यात?

गेल्या आठवड्यात एका कॉमर्स कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं होतं. विषय 'जिद्दीची यशोगाथा'. सहाव्या अटेम्प्टला सीए झालेल्या बाईला हा विषय कधी ना कधी चिकटणारच. चाळीस मिनिटं बोलले. पहाटे साडेचारचा गजर, पुण्यातली गांजवे चौकाजवळची अभ्यासिका, हार न मानणं वगैरे वगैरे. टाळ्याही बऱ्या पडल्या. धाकटी बहीण दुसऱ्या रांगेत बसली होती. परत येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "ताई, त्या गोष्टीत मी कुठंय गं?"

शनिवार पेठ येईपर्यंत मी गप्प.

म्हणून ही पोस्ट. भाषणात जे आलं नाही ते.

आमच्या वेळी सीए फायनलला दोन ग्रुप, प्रत्येकात शंभर मार्कांचे चार पेपर. प्रत्येक पेपरात किमान 40 हवेत, आणि वर ग्रुपची बेरीज 200. मी पहिल्यांदा बसले मे 2010 ला. पहिल्या ग्रुपची बेरीज आली 196. चार मार्क! तो ग्रुप सुटला तिसऱ्या अटेम्प्टला. मग दुसऱ्याचं लचांड. एकदा बेरीज 211, पण आयस्कामध्ये 38. आयस्का म्हणजे कॉम्प्युटर सिस्टिमच्या ऑडिटचा पेपर. त्या काळातल्या कुठल्याही सीएसमोर हे नाव घ्या आणि चेहरा बघा.

यूपीएससीला खुल्या गटातून सहा अटेम्प्ट मिळतात, मग विषय संपला. सीए फायनलला तशी मर्यादाच नाही. ही सोय आहे की सापळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या वेळी परीक्षा मे आणि नोव्हेंबरला असायची, आयुष्य या दोनच महिन्यांत वाटलं जायचं. कुणाचं लग्न ठरलं की पहिला विचार, परीक्षेच्या आधी आहे की नंतर.

आता हिशोबाकडे वळते, तो माझा धंदाच आहे.

2009 मध्ये बाबांची भोसरीतली कंपनी बंद पडली. आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीचा, स्टायपेंड माझ्या बसपासाला आणि पुस्तकांना पुरत नव्हता, आणि नंतर तोही थांबला. धाकटी 2010 ला बी.कॉम. झाली. तिला वकील व्हायचं होतं, लॉचा फॉर्म आणून कपाटावर ठेवलेला मी स्वतः पाहिलाय. त्याच जूनमध्ये ती लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात हिशोबाला लागली. पगार सहा हजार. मला तेव्हा कुणी काही बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. न विचारण्यात माझा फायदा होता, हे आज स्वच्छ दिसतं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत आई-बाबा, आतल्या खोलीत आम्ही दोघी. अडीच वर्षं ती ट्यूबलाइटच्या उजेडात तोंडावर ओढणी घेऊन झोपली आणि सकाळी दहाला दुकानात उभी राहिली. माझ्या भाषणात पहाटेचा गजर होता. तो गजर तिच्याही कानात वाजत होता, हे त्यात नव्हतं.

आणखी एक. चिकाटी चिकाटी म्हणून आपण जे मिरवतो, त्यातली निम्मी माझ्या बाबतीत निव्वळ सवय होती. पाच अटेम्प्ट मी तेच करत राहिले : सीए इन्स्टिट्यूटची 'सजेस्टेड आन्सर्स', म्हणजे जुन्या पेपरांची नमुना उत्तरं, कादंबरीसारखी वाचायची, रंगीत पेनांनी रेघा मारायच्या. पाचव्या निकालानंतर धाकटी वैतागून म्हणाली, "तू नुसती वाचतेस. लिहितेस कधी?" पुढचे सगळे रविवार तिनं स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून मला तीन-तीन तास पेपर लिहायला बसवलं. तिला आयस्काचं अक्षर कळत नव्हतं. पण शेवटचा प्रश्न दरवेळी अर्धवट राहतोय, हे तिला पहिल्याच रविवारी दिसलं. मला अडीच वर्षांत दिसलं नव्हतं. जानेवारी 2013 ला निकाल लागला.

अभ्यासिकेत माझ्या शेजारी लातूरकडचा एक मुलगा बसायचा. मार्क माझ्यापेक्षा कायम जास्त. दोन अटेम्प्टनंतर गावाकडून बोलावणं आलं, शेतीचं कर्ज होतं. गेला. आज तिकडं लोकांची खाती लिहितो. त्याच्यात जिद्द कमी होती म्हणून तो भाषणाला बोलावला जात नाही का? त्याच्या पाठीमागं दुकानात उभं राहणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. म्हणून 'मी सोडलं नाही, त्यांनी सोडलं' असं कुणी छाती काढून म्हणालं की मला हल्ली कसंसंच होतं.

कोथरूडला जाताना कर्वे पुतळ्याचा स्टॉप लागतो. अण्णांची, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांची, चिकाटी आपल्याला शाळेपासून पाठ : दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचं, मग चिखल तुडवत हिंगण्याच्या झोपडीतल्या विधवांच्या आश्रमाकडे चालत जायचं. साठवलेले पैसे, पाच हजारांची विम्याची पॉलिसी, सगळं आश्रमाला. पण मग घर? त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांनी नागपूरला जाऊन नर्सिंगचं शिक्षण घेतलं, संसार ओढला, आश्रमासाठी वर्गण्याही मागत फिरल्या. स्टॉपला नाव मात्र एकाच पुतळ्याचं. (थोर माणसांच्या रांगेत स्वतःला बसवत नाहीये, कमेंटमध्ये धावून येऊ नका. घरोघरच्या जमाखर्चाची पद्धत तीच, इतकंच म्हणतेय.)

तर, बातमी. धाकटीनं दोन वर्षांपूर्वी, छत्तिसाव्या वर्षी, लॉला ॲडमिशन घेतली. नोकरी आणि सात वर्षांचा मुलगा सांभाळून. एका सेमिस्टरला दोन विषय राहिले. ते तिनं सांगितलं नाही, आईकडून कळलं. भाषणानंतर मी फोन करून म्हटलं, शनिवार-रविवार त्याला माझ्याकडे पाठवत जा, तू बस अभ्यासाला. "बघू," म्हणाली.

काल शनिवारी भाचा आला. पाठीवर दप्तर, हातात पिशवी, पिशवीत तिची चिठ्ठी : "रात्री दहानंतर दिवा बंद करणे. उजेडात त्याला झोप लागत नाही. माझ्यावर गेलेला नाही."